राखायचे काय, हे आधी ठरवा

आषाढी वारीच्या दिवसांत दिवे घाटाचा फोटो दरवर्षी सगळीकडे दिसतो. घाटाची वळणे, त्या वळणांवर पसरलेला माणसांचा पांढरा पट्टा, मधूनमधून भगव्या पताका. कॉम्प्युटरच्या रुंद पडद्यावर तो पाहताना ऊर भरून येतो. तोच फोटो फोनवर उघडला की त्याची दोन बोटे उंचीची पट्टी होते. माणसांचे ठिपके होतात, पताका दिसतच नाहीत. मग कोणीतरी सुचवते, पट्टी फार बारीक वाटते, उंची वाढवा. उंची वाढवली की दोन्ही कडा जातात, वळणे जातात आणि मधल्या डोंगराचा हिरवा तुकडा तेवढा उरतो. आधी फोटो पूर्ण होता, पण दिसत नव्हता. आता दिसतो आहे, पण त्यात वारीच नाही.

पडद्याप्रमाणे मांडणी बदलणाऱ्या, म्हणजे रिस्पॉन्सिव्ह, वेबसाइटवर फोटो क्रॉप करणे हे बहुतेक ठिकाणी कोणाच्याच वाट्याचे काम नसते. फोटोग्राफर फोटो देऊन मोकळा होतो, संपादक तो अपलोड करतो, डिझायनर चौकटी आखतो, प्रोग्रामर त्या चौकटीत फोटो बसवतो. काय कापले जाणार, हे या चौघांपैकी एकानेही ठरवलेले नसते, ते परस्पर घडते. या पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात असे आहे: फोटोत काय राखायचे ते माणसाने फोटो हाती येताच ठरवावे, तो निर्णय फोटोसोबत पुढे पाठवावा आणि मग कापण्याचे काम खुशाल यंत्रावर सोपवावे.

नव्या वाचकाने सुरुवातीलाच दोन प्रश्न वेगळे करून घेतलेले बरे, कारण अनुभवी लोकही त्यांची गल्लत करतात. पहिला प्रश्न फाइलच्या आकाराचा. चित्र तेच, फक्त लहान पडद्याला लहान फाइल आणि मोठ्या पडद्याला मोठी फाइल मिळावी. ३६० पिक्सेल रुंदीचा म्हणून ओळखला जाणारा फोन प्रत्यक्षात १०८० पिक्सेल दाखवत असू शकतो. हे सगळे हिशेब ब्राउझर करतो. आपण त्याला चित्राच्या टॅगमधल्या सोर्ससेट या गुणधर्मात फाइलींची यादी आणि साइझेस या गुणधर्मात चौकटीची अपेक्षित रुंदी सांगितली की झाले. दुसरा प्रश्न चित्राचा. पडदा बदलल्यावर चित्रातला कोणता भाग दाखवायचा? वेबच्या जगात याला आर्ट डायरेक्शन म्हणतात आणि त्यासाठी पिक्चर हा टॅग आहे. पहिला प्रश्न गणिताने सुटतो, दुसऱ्यासाठी चित्र नीट पाहावे लागते. या पुस्तकाचा भर दुसऱ्यावर आहे.

चौकटीने चित्र कापण्याची विद्या वेबच्या कितीतरी आधीची आहे. एकोणिसाव्या शतकात जपानी उकियो-ए छापचित्रे पॅरिसमध्ये पोचली आणि चित्रकारांना चौकटीच्या कडेकडे नव्याने पाहायला लावून गेली. एदगार देगाने १८७५ च्या सुमारास रंगवलेल्या प्लास द ला काँकॉर्दच्या चित्रात कडेची माणसे बेधडक अर्धवट कापलेली आहेत. छायाचित्रकारांत या प्रश्नावर दोन तट पडले. आंरी कार्तिये-ब्रेसाँ क्रॉपिंगच्या विरोधात ठाम होता. त्याच्या मते चौकट शटर दाबतानाच ठरलेली असावी. तरी त्याचेच १९३२ मधले पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचे प्रसिद्ध छायाचित्र क्रॉप केलेले आहे, कारण ते कुंपणाच्या फटीतून टिपले होते. दुसऱ्या तटावर आर्नल्ड न्यूमन. त्याने १९४६ मध्ये संगीतकार स्ट्राविन्स्कीचे छायाचित्र घेतले आणि मूळ निगेटिव्हचा बराच भाग काढून टाकला. पियानोचे मोठे काळे झाकण आणि खाली कोपऱ्यात संगीतकार, एवढेच ठेवले. ते छायाचित्र घडले ते त्या कापण्यातूनच.

आपल्या विषयाला सर्वांत जवळचे उदाहरण आल्बेर्तो कोर्दाने ५ मार्च १९६० रोजी हवानामध्ये टिपलेल्या चे गव्हेराच्या छायाचित्राचे आहे. मूळ चौकट आडवी आहे. तिच्यात एका बाजूला दुसऱ्या माणसाचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला ताडाची पाने आहेत. जगभरच्या भिंतींवर आणि टी-शर्टवर गेला तो त्यातला उभा तुकडा. आडव्यातून उभे काढणे हीच आज फोनची रोजची मागणी आहे, आणि ती नीट भागली तर चित्राचे नुकसान होईलच असे नाही, हे कोर्दाचे छायाचित्र दाखवते.

वर्तमानपत्रांत हे काम उपसंपादक आणि मांडणीकार करत. एल आकाराचे दोन पुठ्ठे फोटोवर सरकवून चौकट शोधायची आणि पेन्सिलने खुणा करायच्या. फोटो किती कॉलमांत जाणार हे त्यांना ठाऊक असे. सिनेमाची अडचण अधिक मोठी होती. १९५३ मध्ये ‘द रोब’ या चित्रपटाने सिनेमास्कोप ही रुंद पडद्याची पद्धत आणली. आपल्याकडे गुरुदत्तचा १९५९ मधला ‘कागज़ के फूल’ हा पहिला भारतीय सिनेमास्कोप चित्रपट, छायाचित्रण व्ही. के. मूर्ती यांचे. असे रुंद चित्रपट ४:३ च्या टीव्हीवर दाखवायचे तर २.३५:१ च्या चौकटीतला सुमारे ४३ टक्के भाग गाळावा लागतो. त्यासाठी पॅन अँड स्कॅन नावाची पद्धत आली. तंत्रज्ञ एकेक शॉट पाहून खिडकी कुठे ठेवायची ते ठरवे. दिग्दर्शकांना ही पद्धत आवडत नसे आणि त्यांची तक्रार रास्तच होती. तरी निदान कोणीतरी पाहून कापत होते.

वेबवर हा पाहणारा माणूस गळाला. १९९३ च्या फेब्रुवारीत मार्क अँड्रीसनने पानात चित्र घालण्यासाठी इमेज टॅग सुचवला आणि त्यानंतर बराच काळ एक चित्र, एक आकार असाच व्यवहार चालला. २००७ मध्ये आयफोन आला आणि पडद्याची रुंदी गृहीत धरता येईना. २५ मे २०१० रोजी ‘अ लिस्ट अपार्ट’ या वेब-नियतकालिकात ईथन मार्कॉट यांचा ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ हा लेख आला. लवचीक ग्रिड, लवचीक चित्रे आणि पडद्याच्या रुंदीप्रमाणे नियम बदलणाऱ्या मीडिया क्वेरी हे त्याचे तीन आधार होते. चित्रांसाठीचा उपाय एका ओळीचा होता: चित्राची रुंदी चौकटीच्या शंभर टक्क्यांपलीकडे जाऊ देऊ नका. पान मोडण्याचे संकट त्याने टळले, पण चित्र नुसते आकसत गेले आणि दिवे घाटाची पट्टी झाली.

२०१२ मध्ये डेव्हलपरांनी रिस्पॉन्सिव्ह इमेजेस कम्युनिटी ग्रुप उभा केला. पिक्चर टॅग हवा की सोर्ससेट पुरे, यावर ब्राउझर बनवणारे आणि वेबसाइट बनवणारे यांच्यात कडाक्याचा वाद झाला. शेवटी दोन्ही प्रमाणित झाले. क्रोमसाठी पिक्चर टॅगचे काम योआव्ह वाइस यांनी केले आणि त्यासाठी डेव्हलपरांनी वर्गणी काढून पैसे जमवले. ऑक्टोबर २०१४ मध्ये क्रोम ३८ मध्ये तो टॅग आला. आज आपण तो सहज वापरतो, त्यामागे ही वर्गणी आहे.

या घडामोडींतून जे पंथ तयार झाले, ते ढोबळमानाने पाच आहेत.

पहिला अखंडतेचा. चित्र कापायचेच नाही, रिकामी जागा राहिली तर राहू द्यायची. संग्रहालये, नकाशे, हस्तलिखिते, चित्रकृती यांच्यासाठी हाच पंथ योग्य आणि तिथे तडजोड करू नये असे आमचे मत आहे. दुसरा चौकटीचा. सीएसएसमधल्या ऑब्जेक्ट-फिटला कव्हर हे मूल्य दिले की चौकट भरते आणि उरलेले बाहेर जाते. यादीतल्या कार्डांना एकसारखेपणा यानेच येतो. पण वेगळे काही सांगितले नाही तर तो चित्राचा मध्य धरतो, आणि चित्राचा मध्य म्हणजे विषय नव्हे. तिसरा संपादकीय. पिक्चर टॅगमध्ये रुंद, चौरस आणि उभ्या अशा वेगवेगळ्या क्रॉप द्यायच्या. निकाल उत्तम, पण मेहनत मोठी. दिवसाला शंभर बातम्या जाणाऱ्या ठिकाणी हे प्रत्येक फोटोला जमत नाही. चौथा केंद्रबिंदूचा. संपादक फोटोवर एक बिंदू ठेवतो आणि चौकट कोणतीही असो, तो बिंदू सांभाळला जातो. वर्डप्रेसच्या कव्हर ब्लॉकमध्ये ही सोय आहे. पाचवा यंत्राचा. माणसाची नजर चित्रात कुठे खिळेल याचे गणिती प्रारूप इट्टी, कॉख आणि नीबर यांनी १९९८ मध्ये मांडले. पुढे चेहरा ओळखणारी तंत्रे आली, थंबॉर आणि स्मार्टक्रॉपसारखी मुक्त साधने आली, आणि आता चित्रे पुरवणाऱ्या सेवा ही सोय देतात. याच घरातले एक चुलत भावंड म्हणजे २००७ मध्ये अविदान आणि शमीर यांनी मांडलेले सीम कार्व्हिंग. त्यात कडा न कापता चित्राच्या आतल्या बिनमहत्त्वाच्या पिक्सेलओळी काढतात. बातमीच्या छायाचित्राला ते वापरू नये, कारण त्यात दोन माणसांमधले अंतरच खोटे होते.

आता हे तत्त्व एका फोटोवर लावून पाहू. समजा फोटो १९२० गुणिले १०८० पिक्सेलचा आहे आणि फोटोग्राफरने विषय चौकटीच्या एकतृतीयांशावर ठेवण्याचा, म्हणजे तृतीयांशाचा, नियम पाळून माणसाचा चेहरा डावीकडून ६४० व्या पिक्सेलवर ठेवला आहे. चेहऱ्याची रुंदी ३००, म्हणजे तो ४९० ते ७९० इतका पसरला आहे. फोनवर चौकट ४:५ ची आहे. कव्हर लावले की १९२० पैकी फक्त ८६४ पिक्सेल रुंदी दिसते, मधली, ५२८ पासून १३९२ पर्यंत. डावीकडचा कान गेला. चौकट ९:१६ ची केली तर दिसणारा पट्टा सुमारे ६५६ पासून सुरू होतो आणि अर्ध्याहून जास्त चेहरा बाहेर राहतो. चांगल्या छायाचित्रणाचा नियम आणि ब्राउझरचा न सांगता चालणारा नियम इथे थेट एकमेकांवर आदळतात.

उपाय एका ओळीचा आहे. ऑब्जेक्ट-पोझिशनमध्ये आडवे मूल्य ३३ टक्के दिले की चित्राचा ३३ टक्क्यांवरचा बिंदू चौकटीच्याही ३३ टक्क्यांवर येतो. ४:५ च्या चौकटीत दिसणारा भाग मग साधारण ३५० पासून १२१५ पर्यंतचा, चेहरा पूर्ण आत, आणि तोही चौकटीच्या तृतीयांशावरच. फोटोग्राफरची रचनाही टिकली. चेहरा नेमका मध्यावर हवा असेल तर मूल्य २० टक्क्यांच्या आसपास येते. हे आकडे पाठ करण्याची गरज नाही. त्यांच्यामागचा हिशेब समजला की अंदाजाने टक्केवारी फिरवत बसावे लागत नाही.

पण एक बिंदू नेहमी पुरत नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचे चित्र घ्या. पुस्तकांच्या वेष्टनांपासून वेबसाइटच्या बॅनरपर्यंत ते बहुधा चेहऱ्यापुरतेच दिसते. चेहरा ओळखणारे यंत्रही तेच करील: मुकुट, झुकलेले डोळे, ओठ, आणि खाली कात्री. पण तो बोधिसत्त्व ओळखला जातो तो उजव्या हातातल्या कमळामुळे, आणि मानेची सगळी लवण त्या हाताशी जोडलेली आहे. हात कापला की चेहरा सुंदरच राहतो, पण चित्राचा अर्थ उणावतो. इथे राखायचा आहे तो मुकुटाच्या टोकापासून कमळ धरलेल्या बोटांपर्यंतचा उभा आयत. आम्ही त्याला राखीव क्षेत्र म्हणतो, आणि हीच या पुस्तकाची मध्यवर्ती कल्पना आहे. राखीव क्षेत्र उभ्या चौकटीत आरामात बसते, चौरसात कसेबसे बसते आणि रुंद पट्टीत बसत नाही. रुंद पट्टीत हे चित्र भरायचा हट्ट मग सोडून द्यायचा. चौकट बदलायची, नाहीतर चित्र बदलायचे.

कापण्यात सौंदर्याइतकाच न्यायाचाही प्रश्न आहे. जानेवारी २०२० मध्ये दावोसला पाच तरुण हवामान कार्यकर्त्या एकत्र उभ्या होत्या. असोसिएटेड प्रेसने प्रसृत केलेल्या छायाचित्रात चारच दिसल्या. कडेला उभी असलेली युगांडाची व्हनेसा नकाटे, त्या पाचांतली एकमेव कृष्णवर्णीय, कापली गेली होती. मागची इमारत रचनेत खटकत होती म्हणून कापले, असे कारण संस्थेने दिले आणि पुढे माफी मागितली. हेतू वाईट नसेलही. पण कडेला कोण उभे आहे हे न पाहता रचना साधली की काय होते, ते यातून जगाला दिसले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ट्विटरच्या स्वयंचलित क्रॉपवर वापरकर्त्यांनी बोट ठेवले. दोन चेहऱ्यांपैकी यंत्र कोणाला निवडते, याचे प्रयोग त्यांनी स्वतःच केले. मे २०२१ मध्ये कंपनीने आपली तपासणी जाहीर केली. तीत स्त्रियांकडे ८ टक्के आणि गोऱ्या चेहऱ्यांकडे ४ टक्के कल आढळला. क्रॉप कुठे करायची हे माणसांनीच ठरवणे बरे, या निष्कर्षावर कंपनी आली आणि फोनवर फोटो पूर्ण दाखवू लागली.

कायदाही इथे गैरहजर नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ कर्त्याला त्याच्या प्रतिष्ठेला बाधक ठरेल अशा विद्रूपीकरणाविरुद्ध दाद मागू देते. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ४.० परवान्यांत फोटो बदलला असेल तर तसे नमूद करावे लागते. आणखी एक गोष्ट प्रत्येक न्यूजरूमच्या भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. ऑब्जेक्ट-फिटने कापलेला भाग नाहीसा होत नाही. तो वाचकाच्या फोनवर पूर्ण उतरतो आणि कोणालाही पाहता येतो. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम २३ प्रमाणे पीडित बालकाची ओळख उघड करता येत नाही. तिथे चौकटीवर विसंबून चालणार नाही, फाइलच कापून नव्याने साठवली पाहिजे. तीही कोणत्या साधनाने, हे पाहावे लागते. पिक्सेल फोनच्या स्क्रीनशॉट संपादकात आणि विंडोजच्या स्निपिंग टूलमध्ये कापलेला भाग परत मिळवता येत होता, असे २०२३ मध्ये उघड झाले.

मग आज हा विषय इतका निकडीचा का? मराठी वाचकाचे वाचन फोनवर गेले आहे, पण फोटो निवडणारे आणि मंजूर करणारे अजून रुंद मॉनिटरसमोर बसतात. त्यांना जे पान दिसते ते वाचकाला दिसतच नाही. दुसरे म्हणजे चौकटी वाढतच चालल्या आहेत. दुवा शेअर केला की दिसणारे १२०० गुणिले ६३० चे चित्र, गोल डीपी, उभी स्टोरी, घडीचे फोन. इन्स्टाग्रामने २०२५ मध्ये प्रोफाइलची चौरस ग्रिड उभी केली आणि चौरस धरून बनवलेल्या कितीतरी पोस्टरांवरची अक्षरे कडेला कापली गेली. तिसरे कारण तांत्रिक आहे. २०२३ पर्यंत कंटेनर क्वेरी सर्व प्रमुख ब्राउझरांत आल्या. आता कार्डाची मांडणी पडद्याऐवजी ते ज्या रकान्यात बसते त्यावर ठरू शकते. पिक्चर टॅग मात्र अजून पडद्याचीच रुंदी विचारतो. ही फट भरायला फोटोसोबत चालणारी राखीव क्षेत्राची नोंद हवी. चौथे कारण सर्वांत नवे. २०२३ पासून फोटोशॉप फोटोच्या कडेबाहेरचे नसलेले दृश्यही रचून देऊ लागला. रुंद चौकट भरण्याचा हा मोह मोठा आहे. जाहिरातीत तो चालेल, बातमीत आणि इतिहासात अजिबात नाही. जे कॅमेऱ्याने पाहिले नाही ते छायाचित्र म्हणून छापू नये.

वेगाचाही विचार करायला हवा. पानावरचा चित्राचा किंवा मजकुराचा सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांत दिसावा, असा निकष गूगलने २०२० मध्ये मांडला. फोनला उभी क्रॉप वेगळी दिली तर न दिसणाऱ्या कडांचा डेटा वाचतो. टॅगमध्ये रुंदी आणि उंची लिहिली तर ब्राउझर जागा आधीच राखतो आणि वाचताना मजकूर खाली उडी मारत नाही. चांगली क्रॉप आणि वेगवान पान यांत भांडण नाही.

हे पुस्तक संगणकाचे पाठ्यपुस्तक नाही आणि छायाचित्रणाचेही नाही. वृत्तपत्रांच्या ऑनलाइन आवृत्त्या, दिवाळी अंकांच्या वेबसाइट, संस्थांची संकेतस्थळे, लहान दुकाने, ग्रंथालये आणि संग्रहालये इथे काम करणाऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून ते लिहिले आहे. त्यात पाहणे आधी येते, कोड नंतर. एकच फोटो १६:९, १:१ आणि ४:५ अशा तीन चौकटींत ठेवून त्याचे काय होते हे वाचकाने स्वतः पाहावे, अशी मांडणी आहे. कोड जेवढा लागतो तेवढाच दिला आहे आणि तो कोणत्याही एका प्रणालीला बांधलेला नाही. कामाच्या वाटपावर मात्र आम्ही भरपूर जागा खर्च केली आहे. राखीव क्षेत्र कोणी आखायचे, ते कुठे नोंदवायचे, यंत्राने केलेली क्रॉप कोणत्या फोटोंसाठी माणसाने तपासायची, हे ठरले नसेल तर उत्तम कोडही उपयोगी पडत नाही. आमचा कौल चौथ्या आणि तिसऱ्या पंथाच्या मेळाकडे आहे: रोजच्या सगळ्या फोटोंना एका बिंदूऐवजी राखीव क्षेत्र, आणि पहिल्या पानावरच्या निवडक फोटोंना हाताने केलेल्या क्रॉप. यंत्राचा सल्ला घ्यावा, पण माणसे असलेल्या फोटोवर शेवटची नजर माणसाचीच असावी. व्हिडिओ आणि लोगो यांचे प्रश्न वेगळे आहेत, ते या पुस्तकात घेतलेले नाहीत.

वाचकांना एक विनंती आहे. पुढचे पान उलटण्यापूर्वी तुम्ही सांभाळत असलेली वेबसाइट साध्या फोनवर उघडा आणि पहिले दहा फोटो पाहा. प्रत्येकाचा मूळ फोटो शेजारी ठेवा. कोण कापले गेले, काय गेले आणि ते कोणी ठरवले, हे लिहून काढा. ज्या फोटोसमोर ‘कोणीच ठरवले नाही’ असे लिहावे लागेल, त्याच्यापासून काम सुरू करा.